लिंबू, कंदील, घोडा

गल्लीतल्या म्हाताऱ्यांची परीक्षा दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी असायची. परीक्षा हा शब्द कीर्तीला आवडायचा नाही. ती म्हणायची तपासणी. पण जन्मात शाळेची पायरी न चढलेल्या बायका त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून, केस चापूनचोपून बसवून, विहाराच्या दारात नऊ वाजल्यापासून रांग धरायच्या आणि एकमेकींना "तुला मागल्या टायमाला किती पडलं गं?" असं विचारायच्या. त्याला परीक्षा नाही तर काय म्हणायचं?

भवानी पेठेच्या मागच्या अंगाला चाळीस-पन्नास घरांची ही गल्ली. कीर्ती इथंच जन्मली, इथंच वाढली, आणि नऊ वर्षं जवळच्या सरकारी दवाखान्यात कंत्राटी नर्स होती. म्हातारी माणसं आजार पिकला की मगच दवाखान्यात येतात, हे तिनं इतक्या वेळा पाहिलं होतं की दोन वर्षांपूर्वी तिनं सरळ विहारातच एक टेबल मांडलं. बीपी, साखर, वजन हे तर होतंच. पण ती माणसाला खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायला लावायची, दारापर्यंत चालून परत यायला सांगायची आणि किती सेकंद लागले ते टिपून ठेवायची. वर्षभरात पडलात का, लघवीला रात्री किती वेळा उठता, गोळ्या कोण देतं, आंघोळ स्वतःची स्वतः होते का, असलं सगळं खोदून खोदून विचारायची. मग ज्याचं जसं दुखणं तसा उपाय. न्हाणीत खडबडीत फरशी घाला, उंबऱ्याशी पायपुसणं नको, पापड-लोणचं ताटातून काढा. आण्णा म्हणून एक रिटायर्ड कंडक्टर होते. त्यांनी तर न्हाणीत एसटीत असतो तसला धरायचा दांडा बसवून घेतला आणि आठवडाभर लोकांना घरी बोलावून दाखवला. दोन वर्षांत गल्लीत एकाही म्हाताऱ्याचा खुबा मोडला नव्हता. कीर्तीला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

सगळ्यात शेवटी डोक्याची पाळी. कीर्ती तीन शब्द सांगायची: लिंबू, कंदील, घोडा. ते लक्षात ठेवायचे. मधे कागदावर एक गोल काढायचा, त्यात घड्याळाचे आकडे भरायचे आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. मग ते तीन शब्द परत म्हणून दाखवायचे. ज्याला शब्द आठवत नाहीत आणि घड्याळ जमत नाही, त्याला पुढं मोठ्या डॉक्टरांकडं पाठवायचं, असा नियम. ट्रेनिंगमध्ये अशा शब्दांचे सहा संच दिले होते, आलटून पालटून वापरायला. कीर्तीनं पहिला कागद काढला तो काढलाच. बाकीचे पाच फाईलच्या कप्प्यात तसेच राहिले. आणि पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांना बजावलं होतं, "हातापायासारखा डोक्याला पण व्यायाम लागतो बरं का. रोज काहीतरी पाठ करत जा."

या सगळ्यात तिचा उजवा हात म्हणजे तिची आई, मनकर्णा. वय एकाहत्तर. नवरा, त्रिंबक, जाऊन बारा वर्षं झालेली. तीस वर्षं तिनं एका खाजगी दवाखान्यात आयाचं काम केलं होतं. बेडपॅन उचलता उचलता तिनं सिस्टरांच्या टोप्यांकडं पाहिलं आणि मुलीला सिस्टर करायचं ठरवलं, आणि केलंही. तपासणीच्या दिवशी ती पाण्याचा माठ भरायची, रांग लावायची, जास्त बोलणाऱ्याला गप्प बसवायची. तिची स्वतःची तपासणी सगळ्यांच्या शेवटी, घरी, चहा पिता पिता. बरेचदा कीर्ती दमून यायची तोवर मनकर्णेनं घड्याळ काढून, कापून तयार ठेवलेलं असायचं. "तू दमलीयास. मी काडून ठिवलंय बघ," म्हणायची. जाडसर, गुळगुळीत कागदाचा चौकोनी तुकडा. कीर्ती तो कागदाला टाचायची. शब्द तीनपैकी तीन. घड्याळ बरोबर. दर महिन्याला.

त्या कागदांवर आता कीर्तीचं सगळं अडून होतं. नऊ वर्षांनी तिला कायम नोकरीची ऑर्डर आली होती. गडचिरोली जिल्ह्यातलं सरकारी रुग्णालय. हजर व्हायची तारीख मे महिन्यातली होती, पण आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिनं एकदा मुदत वाढवून घेतली होती. आता सोळा जून. त्यापुढं एक दिवसही नाही. परगावी राहणारा भाऊ रत्नदीप फोनवर म्हणाला होता, "आई एकटी राहील का? तू नर्स आहेस, तूच सांग." आणि कीर्तीनं फाईल समोर घेऊन दोन वर्षांचे कागद एकेक करून चाळले होते. चालणं ठीक. बीपी ठीक. डोकं एकदम ठीक. कागद खोटं बोलत नाही, असं तिला वाटायचं. शनिवारचं तिकीट तिनं काढलं.

बारा तारखेला गुरुवार आला. कीर्तीची ही शेवटची तपासणी. तिच्या जागी आलेली अक्षता, अक्कलकोटकडची, चोवीस-पंचवीसची मुलगी, नवा कोरा एप्रन घालून टेबलाशी बसली होती. कीर्तीनं तिला सगळं समजावलं आणि शेजारी खुर्ची ओढून गंमत बघत बसली. मनकर्णा माठाशी उभी होती.

पहिले आण्णा. उठले, चालले, परत आले, नऊ सेकंद. अक्षतानं कागद काढला आणि मोठ्यानं म्हणाली, "आजोबा, तीन शब्द सांगते. चिमणी, दोरी, ताट. लक्षात ठेवा हं."

तिनं घड्याळ काढून घेतलं आणि विचारलं, "आता सांगा, कोणते शब्द?"

आण्णांनी छाती काढली आणि बसमधलं तिकीट मागावं तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "लिंबू! कंदील! घोडा!"

"तसं नाही आजोबा. मी आत्ता सांगितले ते."

"त्येच की. लिंबू, कंदील, घोडा."

अक्षता हसली. कीर्तीही हसली. आण्णांच्या मागं केराबाई बसली. ही मनकर्णेची चाळीस वर्षांची शेजारीण, कीर्तीची केरामावशी. तिनं तर अक्षताला तोंड उघडूच दिलं नाही. "लिंबू, कंदील, घोडा. लिव बाय, तीनपैकी तीन." तिच्या मागच्या बाईला ऐकू कमी यायचं, पण ओठ हलताना दिसले तशी तीही म्हणाली, लिंबू, कंदील, घोडा. मग रांगेतून कुणीतरी सूर धरला आणि पाच-सहा म्हाताऱ्यांनी एकदम म्हणून टाकलं. अक्षताच्या हातून पेन सुटलं, इतकी ती हसत होती.

कीर्तीचं हसू मात्र अर्ध्यातच थांबलं.

"मावशी," ती केराबाईला म्हणाली, "हे शब्द तुम्हाला पाठ कसे?"

"पाठ कशे म्हंजे? रोज म्हंतो की आमी. सांच्याला वंदना झाली की हितंच बसून अकरा डाव म्हणायचं. तूच न्हवं का म्हणलीस, डोस्क्याला येयाम पायजे म्हणून?"

"एक दिस चुकवला न्हाय, नर्सबाई," आण्णा अभिमानानं म्हणाले. "गुण येतोय. मागं मला नातवांची नावं आठवत नव्हती. आता निदान लिंबू तरी आठवतं."

कीर्तीला हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. दोन वर्षं या माणसांनी तिचा प्रश्न औषध म्हणून घेतला होता. सकाळची बीपीची गोळी आणि संध्याकाळचे तीन शब्द. एकतीस म्हाताऱ्यांचे दोन वर्षांचे कागद, आणि त्यातला डोक्याचा रकाना सगळाच्या सगळा रद्दी. पण त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? त्यांच्या पोटात एक आणि ओठात एक असं काही नव्हतं. नर्सबाईनं सांगितलं म्हणून ते इमानेइतबारे करत होते.

"पण हेच तीन शब्द म्हणायचे, हे कुणी ठरवलं?" तिनं विचारलं.

"कुणी म्हंजे?" केराबाईला प्रश्नच कळला नाही. "तुज्या आयनं. तीच म्हणून घेती की रोज."

कीर्तीनं वळून पाहिलं. माठावर झाकण नव्हतं. पाण्याचा तांब्या खाली जमिनीवर होता. मनकर्णा तिथं नव्हती.

"ती मगाशीच गेली," केराबाई म्हणाली. "ही नवी बाय चिमणी का काय म्हणाया लागली आन ती उटली. दूध वर ठिवून आलीया म्हणं."

आई सकाळी दूध घेत नाही. दूध संध्याकाळी येतं.

विहारापासून घर पन्नास पावलांवर. तेवढ्या अंतरात कीर्तीनं आईसाठी चार-पाच सबबी तयार केल्या, आणि एकेक करून सगळ्या पडल्या. केरामावशीला फसवता येतं, आण्णांना फसवता येतं. पण जी बाई तीस वर्षं सिस्टरांच्या हाताखाली वावरली, जिला केस-पेपर म्हणजे काय आणि तो कशासाठी असतो हे पक्कं ठाऊक, ती असली चूक करणार नाही. तपासणीचे प्रश्न आधीच पाठ केले तर तपासणी उरत नाही, हे आईला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तिनं ते केलं होतं. आणि साऱ्या गल्लीला सोबत घेऊन केलं होतं, म्हणजे सगळ्यांत आपण उठून दिसायला नको.

मनकर्णा जमिनीवर बसून कीर्तीची बॅग भरत होती. निळी मोठी बॅग, उघडी. शेजारी साड्यांच्या घड्या, दोन युनिफॉर्म, शेंगा चटणीची बरणी.

"आई, दूध कुठंय?"

"कसलं दूध?"

कीर्ती तिच्यासमोर मांडी घालून बसली. पेशंटशी बोलते तसं शांत बोलायचं तिनं ठरवलं. "आई, माझ्याकडं बघ. मी तीन शब्द सांगते. खिडकी, साखर, मोर. म्हण."

"खिडकी, साखर, मोर. आता ह्ये काय काडलंस? मला बॅग भरू दे."

"भर. मी मदत करते."

तिनं साडी उचलली, आईनं उचलली. दोघींनी मिळून तीन-चार घड्या केल्या. बाहेर कुणाची तरी सायकल पडली, कुणी तरी शिवी दिली. मग कीर्तीनं विचारलं, "ते शब्द कुठले होते?"

मनकर्णेचे हात थांबले. ती बराच वेळ बरणीच्या झाकणाकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर कीर्तीनं नऊ वर्षांत शेकडो माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं तेच आलं. अंधारात चप्पल शोधावी तसं.

"लिंबू," ती म्हणाली.

"डोळ्याचं आप्रेशन झाल्यापासनं जरा असं व्हतंय," थोड्या वेळानं तिनं जोडलं. "डाक्टर म्हणलेत, जाईल म्हणून."

कीर्तीनं ते मान्यही केलं असतं. माणसाला जे हवं असतं ते मानायला फार पुरावा लागत नाही. ऑपरेशन महिन्यापूर्वीचं, वय झालेलं, भूल दिलेली, होतं असं. तिनं स्वतःला समजवायला सुरुवातही केली होती. पण तेवढ्यात तिनं बॅगेत हात घातला, साड्या नीट दाबून बसवायला, आणि बॅगेच्या तळाशी हाताला जाड, गुळगुळीत कागद लागला.

बॅगेत कपडे ठेवायच्या आधी तळाला जुना कागद घालायचा, ही मनकर्णेची जन्माची सवय. कीर्तीनं तो कागद ओढला. एका पतसंस्थेच्या मोठ्या कॅलेंडरचं पान होतं, मार्च महिन्याचं. अशी बरीच होती, एकावर एक. कॅलेंडरं आई टाकत नाही हे तिला माहीत होतं. तिनं पान उलटं केलं.

मागची कोरी बाजू घड्याळांनी भरली होती. बॉलपेननं काढलेले गोल, ओळीत, एकाखाली एक, पंधरा-वीस. प्रत्येकात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची धडपड. आणि मधोमध कात्रीनं कापलेलं एक चौकोनी भोक.

तिनं सगळी पानं बाहेर काढली. मनकर्णा बघत राहिली. आपण बॅगेच्या तळाला काय घातलंय हे तिला त्या क्षणी आठवलं असावं, कारण तिनं पदर तोंडाशी नेला. दोन वर्षं ट्रंकेत, नवऱ्याच्या कोटाखाली लपवलेली चीज तिनं स्वतःच्या हातानं मुलीच्या बॅगेत घातली होती. कारण लपवलीय हेच ती विसरली होती.

कीर्तीनं घरातली वेगळी फाईल उघडली. आईचे कागद काढले. एप्रिलच्या कागदाला टाचलेलं घड्याळ सोडवून तिनं मार्चच्या पानाच्या भोकात ठेवलं. चपखल बसलं. उलट्या बाजूला तारखांचे आकडेही जुळले. महिना संपला की पान फाडायचं, मागं घड्याळं काढत बसायचं, वीस काढायची, त्यातलं एक बरं साधलं की ते कापून मुलीच्या हातात द्यायचं. बाकीची ट्रंकेत.

मग तिनं नको ते केलं. पानं महिन्यावार जमिनीवर मांडली. दोन वर्षांपूर्वीची घड्याळं गोल गरगरीत होती, बाराही आकडे आपापल्या जागी. वर्षभरानंतर आकडे एका बाजूला गर्दी करू लागले होते. गेल्या हिवाळ्यात कुठं नऊ नाही, कुठं सहा दोनदा. मार्चच्या पानावर कापलेलं सोडलं तर एकही घड्याळ धड नव्हतं. एप्रिलच्या पानावर फक्त एक गोल होता, आकडे त्याच्या बाहेर खाली घसरत गेलेले, आणि भोक नव्हतं. त्या महिन्यात कापण्यासारखं काही जमलंच नव्हतं. मे महिन्यात डोळ्याला पट्टी होती, म्हणून कीर्तीनं मागितलं नव्हतं.

एवढी नीट, महिन्याच्या महिन्याला ठेवलेली नोंद तिनं स्वतः कुणाचीच ठेवली नव्हती. सगळ्या गल्लीचे गुडघे तपासले, सगळ्यांच्या न्हाण्या बघितल्या, आणि स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार.

"दोन वर्षं, आई," ती म्हणाली. आवाज चढलाच. "दोन वर्षं माझा केसानं गळा कापत होतीस तू. माझा! रक्त तपासलं असतं, थायरॉईड बघितलं असतं, जीवनसत्त्वं कमी पडली तरी असं होतं. काही वेळा औषधानं थांबतं. काही वेळा परत येतं माणूस. ते सगळे दिवस गेले. मी रोज इथं तुझ्या शेजारी झोपत होते आणि तू मला परकी समजून..."

"परकी न्हाय."

"मग काय? दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुझ्यावर ठेवला तेवढा भरवसा मी जगात कुणावर ठेवला नव्हता."

मनकर्णेनं समोरचं एक पान पालथं घातलं. मग म्हणाली, "तवा कळलं असतं, तर त्यो फारम भरला असतास का तू? कायमच्या नोकरीचा?"

कीर्तीनं खाली पडलेली टाचणी उचलली.

"न्हाय भरला असतास. मला ठावं हाय. वार्डात लई बगितलंय मी. कागदावर एक डाव 'इसरते' असं लिवलं की त्या म्हातारीचं कोण ऐकत न्हाय. आन तिची लेक असंल तर ती लेक संपली. सून पळून जाती. लेक बसती उशाला. तुला काय त्याच्यासाटी नर्स केलं?"

"मला विचारायचं होतंस."

"इचारलं असतं तर तू खरं सांगिटलं असतंस. म्हणून न्हाय इचारलं." मग एकदम तिनं पानांकडं हात केला. "ती गोळा कर. कोण येईल."

संध्याकाळी अक्षता विहारातली फाईल द्यायला आली. चहा पिता पिता तिनं सहज विचारलं, "ताई, संच सहा होते ना? तुम्ही एकच का वापरलात?" कीर्ती म्हणाली, "बाकीचे सापडत नव्हते." सापडत होते. फाईलच्याच कप्प्यात होते. गेल्या दिवाळीत आईनं चिवड्यात दोनदा मीठ घातलं तेव्हा तिला एकदा वाटलंही होतं, या महिन्यात दुसरा कागद काढावा. वाटलं आणि तिनं नव्हता काढला. पण आईनं केलं ते त्यानं कमी होत नव्हतं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. मालकानं राखण नीट केली नाही म्हणून कुंपण सुटत नाही.

शुक्रवारी सकाळी तिनं रत्नदीपला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "इकडं दोनच खोल्या गं. पण तू म्हणशील तसं." त्या 'पण'च्या आधीचं तिनं ऐकलं आणि फोन ठेवला. आईला बरोबर न्यायचा विचारही करून पाहिला. पण ती नर्स होती, फसवून घ्यायची तिची हौस कालच फिटली होती. आई इथं चालते ती पायांच्या सवयीनं. विहार कुठं, नळ कुठं, केरामावशीचं दार कुठं, हे डोकं सांगत नाही, गल्ली सांगते. परक्या गावात, बंद खोलीत, मुलगी रात्रपाळीला गेल्यावर ती दारातून बाहेर पडली तर तिला परत कोण आणणार?

मग तिनं गडचिरोलीला फोन लावला. तिकडच्या कारकुनानं नीट ऐकून घेतलं. "मॅडम, मुदतवाढ एकदा झालीय. सोळाला हजर झाला नाहीत तर नाव पुढच्या उमेदवाराकडं जाईल," तो म्हणाला. कीर्ती म्हणाली, "जाऊ द्या." एवढंच बोलणं झालं. नऊ वर्षं आणि दोन मिनिटं. ती विहारामागच्या लिंबाखाली उभी राहून रडली. आईसाठी नाही, खरं सांगायचं तर स्वतःसाठी.

दुपारी ती कोरा कागद घेऊन आईसमोर बसली. मोठ्या डॉक्टरांकडं न्यायचं तर तपासणी खरी हवी.

"लिवूच नगंस," मनकर्णा म्हणाली. "तुज्या हातानं तरी नगं. त्या नव्या पोरीला लिवू दे."

"मीच लिहिणार."

"म्हंजे मला पकडाया झालीस तू शिस्टर."

कीर्तीनं कागद पुढ्यात ओढला. नाव लिहिलं, वय लिहिलं. तीन शब्द सांगितले, नंतर विचारले. शून्य. घड्याळ काढायला दिलं. आईनं गोल काढला, त्यात अकरा लिहिलं, दहा लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग पुढचे प्रश्न.

"वार कोणता आज?"

"बेस्तरवार."

"महिना?"

"उन्हाळा हाय की."

"तारीख कोणती?"

मनकर्णेनं भिंतीकडं पाहिलं. तिथं कॅलेंडर नव्हतं, कीर्तीनं सकाळीच काढून ठेवलं होतं. ती तिथल्या खिळ्याकडं बघत राहिली. मग मुलीकडं वळली.

"आजची न्हाय ठावं," ती म्हणाली. "तुजी सोळा हाय. सोळाच्या आत पोचायचंय तुला."

चौकटीत काय लिहायचं, याचा नियम ठरलेला होता. कीर्तीनं 'चूक' असं लिहिलं.

"जाशील न्हवं?" मनकर्णा म्हणाली. ती पुढं सरकली होती, तिनं मुलीचा हात धरला होता, पेनासकट. "माज्यामुळं ऱ्हायाची न्हाईस न्हवं तू? खरं सांग. मला खरं सांग, कीर्ते."

"जाणार की," कीर्ती म्हणाली. "उद्याचं तिकीट आहे."

मनकर्णेचा चेहरा मोकळा झाला. तिनं लगेच विश्वास ठेवला, दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. उठली, बॅग ओढली, चटणीची बरणी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, साड्यांच्या मधोमध बसवली, तेल सांडू नये म्हणून. दोन वर्षं आईनं आपल्याला इतक्या सहज कसं फसवलं असेल, याचं कीर्तीला कालपासून आश्चर्य वाटत होतं. आता वाटेनासं झालं.